सोपानरावांची शाब्बासकी

माणसाला कुठल्या वयात काय शिकावं लागेल, याचा काही भरवसा नाही. सोपानरावांनी उभी हयात कंपनीच्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये फोरमनकी केली. मशिनी धडाधड चालू असताना त्यांची एक हाक शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. असा माणूस रिटायर झाला, गुडघ्यांना पट्टे बांधू लागला, आणि मग एके दिवशी कुत्र्याच्या पिल्लापुढं उकिडवा बसून लाडिक आवाजात "शाब्बास" म्हणायला शिकला. तेही रीतसर शिकवणी लावून.

कुणी म्हणेल, त्यात शिकायचं काय? तर सोपानरावांच्या बाबतीत होतं. कौतुकाच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासून हात आखडता. काम चुकलं तर बोलायचं, बरोबर आलं तर बोलायचं नाही, आणि अगदीच डोळे दिपवणारं झालं तर "बरंय" म्हणायचं, अशी त्यांची पद्धत. कंपनीत एकाला "बरंय" मिळालं होतं, त्यानं दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले होते. शालनबाईंना लग्नानंतर ते दोनदा मिळालं. एकदा मुलगा झाला तेव्हा आणि एकदा शेंगोळ्यांना.

तर तो मुलगा, कुलदीप. चाकणच्या एका कंपनीत कामाला. त्यांच्या कॅन्टीनच्या मागं एक कुत्री व्याली होती. तिचं एक पिल्लू रोज कुलदीपच्या बुटाची नाडी सोडायचं. पठ्ठ्यानं एका सकाळी शिफ्ट सुटल्यावर ते डब्याच्या पिशवीत घातलं आणि कंपनीच्या बसनं थेट चऱ्होलीला घरी आणलं. तांबूस अंग, पांढरे पंजे, आणि एक कान उभा तर एक पडलेला. सूनबाई पूनम ताथवड्याला ऑफिसात जायची. तिनं आल्या आल्या पिल्लाचं नाव ठेवलं, मोका.

"मोका म्हणजे?" सोपानरावांनी विचारलं.

"कॉफीचा प्रकार असतो, अप्पा."

"आपण चहा पितो," सोपानराव म्हणाले आणि तेवढ्यापुरता निषेध नोंदवून त्याला मोक्या म्हणू लागले.

पूनमनं मग नियम सांगितले. पिल्लू पॉझिटिव्ह पद्धतीनं वाढवायचं. मारायचं नाही, ओरडायचं नाही, बोट रोखायचं नाही, 'हाड' तर म्हणायचंच नाही. चांगलं वागलं की लगेच कौतुक करायचं आणि खाऊ द्यायचा. चुकलं तर दुर्लक्ष.

"हाड म्हणायचं नाही, मग कुत्र्याशी बोलायचं काय?" सोपानरावांनी प्रामाणिकपणे विचारलं. कुत्र्याशी बोलायचे त्यांना दोनच शब्द ठाऊक होते. बोलवायचं तर 'यू यू' आणि घालवायचं तर 'हाड'. त्यातला अर्धा शब्दकोश सूनबाईंनी उभ्या उभ्या रद्द केला.

त्यांच्या लहानपणी मळ्यात चित्र्या होता. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. तो कुणी आणलाही नव्हता. एके दिवशी बांधावर येऊन बसला आणि घरचा झाला. दुपारी माणसं आंब्याखाली भाकरी सोडून बसली की तो चार हात लांब बसायचा. भाकरीला कधी तोंड लावलं नाही. आता त्या आंब्याच्या जागी सोसायटीचं क्लबहाऊस होतं, कांद्याच्या चाळीच्या जागी पार्किंग, आणि ज्या हवेत पूर्वी फक्त घारी असायच्या त्या हवेत, नवव्या मजल्यावर, सोपानरावांचं बिऱ्हाड होतं. जमीन त्यांचीच होती, पण आता तिच्यावर पाय ठेवायचा तर लिफ्टनं खाली यावं लागायचं.

आणि लिफ्टमध्येच घोटाळा झाला.

मोक्याला पहिल्यांदा खाली नेताना लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली. सोसायटीचे सेक्रेटरी जयदीप आत आले. पायात नवेकोरे पांढरेशुभ्र बूट. मोक्यानं लिफ्टच्या चकचकीत पत्र्यात स्वतःचं रूप पाहिलं. हे दुसरं कुत्रं कुठून आलं म्हणून तो घाबरला, मागं सरकत सरकत जयदीपच्या बुटाला टेकला आणि घाबरल्यावर लहान जीव जे करतो ते त्यानं तिथं मनसोक्त केलं.

सोपानरावांच्या जिभेवर 'हाड' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. चुकलं तर दुर्लक्ष, हा नियम आठवून त्यांनी अत्यंत निष्ठेनं लिफ्टच्या छताकडं पाहायला सुरुवात केली.

"काका, तुम्ही काही बोलणार नाही का त्याला?" जयदीपनं विचारलं.

"नाही," सोपानराव छताकडं पाहत म्हणाले. "आम्ही पॉझिटिव्ह आहोत."

तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. 'सदर पाळीव प्राणी वर्तणूक चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत त्यास लिफ्टचा वापर करता येणार नाही. आदेशावरून.' सोपानरावांनी जन्मभर नोटिशी वाचल्या होत्या आणि लावल्याही होत्या, पण घरातलं कुणी 'सदर' झाल्याची ही पहिलीच वेळ. त्यांना ते फार लागलं. वर्तणूक चाचणी म्हणजे काय, असं विचारल्यावर कमिटीनं ती अजून ठरायची आहे असं कळवलं. ती ठरवायला उपसमिती नेमली गेली. उपसमितीतल्या दोघांचं आपसांत पार्किंगवरून वाकडं असल्यामुळं तिची बैठक होईना.

तोवर जिने होते. कुलदीपच्या शिफ्टा, पूनमचं ऑफिस. शालनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी कुत्र्यात पडणार नाही. तुम्ही रिटायर आहात." मग पिल्लू काखोटीला मारून नऊ मजले खाली आणि तेवढेच वर, हा सोपानरावांचा नित्यनेम झाला. प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबावं लागायचं आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी सल्ला घेऊन उभं असायचं. सातव्यावरचे लातूरकर म्हणायचे, "त्याचं नाक त्यातच घासा, पुन्हा नाव काढायचं नाही बघा." चौथ्यावरच्या आजी म्हणायच्या, दारात लाल पाण्याची बाटली ठेवा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणानं कुत्र्याची पत्रिका काढून देतो असं सांगितलं. सोपानराव सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. उलट बोलायला छातीत हवाच शिल्लक नसायची.

शेवटी पूनमनं शिकवणीसाठी सोनलला बोलावलं. सोनल म्हणजे हडकुळी, हसरी, पिशवीत शिट्ट्या आणि खुळखुळे बाळगणारी मुलगी. ती आली तेव्हा सोपानराव सोफ्यावर अंग चोरून बसले होते. शिकवणी कुत्र्याची आहे, आपण नुसतं पाहायचं, अशी त्यांची समजूत होती. सोनलनं मोक्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती सोपानरावांसमोर येऊन बसली.

"काका, दिवसभर तो तुमच्याजवळ असतो ना? मग शिकायचं तुम्हाला. म्हणा, शाब्बास."

"शाब्बास," सोपानराव म्हणाले. मोक्या कोचाखाली जाऊन बसला.

"काका, तुम्ही शाब्बास म्हणताय का मेमो देताय? आवाजात आनंद आणा."

सोपानरावांनी आनंद आणायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघरातून शालनबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, घास अडकला.

पुढचा पेच खाऊचा. सोनल म्हणाली, उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे खिशात ठेवा. सोपानरावांच्या गळ्यात तुळशीची माळ. शालनबाई म्हणाल्या, "माझ्या फ्रीजात कोंबडी आली, की मी चालले राजगुरुनगरला, माहेरी." मग पनीर ठरलं. पनीरचे खडीसाखरेएवढे तुकडे करून सोपानराव सदऱ्याच्या खिशात बाळगू लागले.

याच खिशानं त्यांचा घात केला. भावकीतलं एक लग्न होतं, मंगल कार्यालयात. अक्षता वाटून झाल्या, सोपानरावांनी त्या खिशात ठेवल्या. मंगलाष्टकं लांबली. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री कडाडली, सोपानरावांनी मुठीमुठीनं उधळल्या, आणि नवरीच्या मामाच्या भगव्या फेट्यावर पनीर पडलं. एक तुकडा भटजींच्या पोथीवरही गेला. मामानं तो चिमटीत धरून बराच वेळ न्याहाळला आणि मग शेजाऱ्याला विचारलं, "जेवायला बसलेत का काय?"

पण खरी भानगड घरात झाली. आवाजात आनंद आणायचा सराव करता करता सोपानरावांच्या तोंडाला वळण लागलं. मोक्या बसला, शाब्बास. मोक्यानं कागदावर शी केली, शाब्बास रे शाब्बास. एका सकाळी शालनबाईंनी चहाचा कप पुढं ठेवला, आणि पेपरातून डोकं न काढता सोपानराव म्हणाले, "शाब्बास!" वर हात खिशाकडं गेला.

शालनबाई जागच्या जागी थिजल्या. मग त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, रक्तदाबाचं यंत्र आणलं, पट्टा दंडाला गुंडाळला. रक्तदाब नेहमीसारखा निघाला, तेव्हा मात्र त्यांचा पारा चढला.

"मी काय कुत्रं आहे का?"

"अगं, चहा चांगला झाला म्हणून..."

"इतकी वर्षं काय गोमूत्र पाजत होते? आणि तो आवाज! तो त्याचा आवाज आहे. मला माझा वेगळा काढा."

सोपानराव विचारात पडले. कारण शालनबाईंसाठी वेगळा आवाज काढायचा म्हणजे कुठून काढायचा, हे त्यांना खरोखरच कळेना.

त्या संध्याकाळी ते मोक्याला घेऊन जुन्या गावठाणात सोनबाकडं गेले. सोनबा म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, वयानं थोरला, अजून दोन म्हशी राखून असलेला. दारातल्या दगडी ओट्यावर बसून तो मोक्याकडं बघत होता. सोपानरावांनी "बस" म्हटलं, मोक्या बसला. सोपानरावांनी लाडिक आवाज काढला आणि पनीर दिलं.

सोनबानं तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली. "आरं, असा आवाज तर तात्या काढायचा."

"कोण, आमचे तात्या?" सोपानराव चमकले. त्यांचे वडील म्हणजे गावातला सगळ्यात अबोल माणूस. आठ आठ दिवस त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही.

"माणसापुढं न्हाई. पाखऱ्यापुढं."

पाखऱ्या! सोपानरावांना ते नाव ऐकून कितीतरी वर्षं झाली होती. गाड्याचा बैल होता तो, शर्यतीचा. कोसा रंग, आरशासारखी कातडी. चैत्रात यात्रा भरली की घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, गाडे पळायचे. गुलाल, हलगी, दोन्ही कडांना माणसांची भिंत. घाटाच्या माथ्यावर पाखऱ्या फेस गाळत थांबला की तात्या त्याच्या गळ्यात पडायचे. गळ्याच्या लोंबत्या पोळीखाली बोटं घालून खाजवायचे आणि म्हणायचे, "शाब्बास रं माज्या राजा, शाब्बास माज्या लेकरा." दहा वर्षांचा सोपान बाजूला पाण्याची बादली धरून उभा असायचा. त्याला बैलाचा इतका हेवा वाटायचा की रात्री झोप येत नसे. पुढं सातवीला तो केंद्रात पहिला आला. मळ्यापर्यंत धावत गेला, धापा टाकत सांगितलं. तात्यांनी विळा खाली ठेवला, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरंय. म्हशीला पाणी दाखव."

मोक्या सोनबाच्या पायाशी जाऊन झोपला होता. सोपानरावांनी सहज विचारल्यासारखं करत विचारलं, "सोनबा, तात्या माझ्याबद्दल कधी काही बोलले का रे?"

"कधी म्हंजी?" सोनबा भडकला. "वात आणला व्हता मला! तू सातवीला पयला आला, तवा तात्या रातच्याला आमच्या घरी आला. 'माजा सोपान आसा न् माजा सोपान तसा.' तू कंपनीत लागला तवाबी तेच. मी नापास झाल्यालो, मला आमचा बा त्याच्यापुढं उभा करून आयकवायचा. तुज्यापायी किती शिव्या खाल्ल्यात मी, ठावं हाय का?"

"मग मला का नाही सांगितलं कधी?"

"तुला कशाला सांगंल? डोक्यावर बसला असतास." सोनबानं तंबाखू मळली, थाप मारली. "आन् तू तरी काय येगळा हायेस? कुलदीप टीम लीडर झाला तवा हितंच बसून कान किटवलं माजं. त्याला सांगितलंस का?"

सोपानरावांना आठवलं. कुलदीपनं दारातूनच ती बातमी सांगितली होती, बूटसुद्धा काढले नव्हते. आणि आपण म्हणालो होतो, "बरंय. सिलिंडर आलाय, आत घे."

समोरच्या उंच इमारतींच्या काचांवर ऊन लालसर झालं होतं. म्हशींच्या धारांची वेळ झाली होती, शेणाचा आणि ओल्या कडब्याचा वास येत होता. या एवढ्या तुकड्यावर अजून चऱ्होली शिल्लक होती. "चल," सोनबा बादली घेऊन उठला, "तुज्या कुत्र्याला ताजं दूध पाजतो. ते पनीर काय द्येतोस, मड्याला दिल्यासारकं."

अखेर उपसमिती बसली. चाचणी महाराष्ट्र दिनी झेंडावंदनानंतर क्लबहाऊसमध्ये घ्यायची ठरली, कारण त्या दिवशी सगळे सभासद हजर असतात आणि चहाचा खर्च वेगळा पडत नाही. आधी मुलांचा बक्षीस समारंभ, मग मोक्या. सोपानराव धुतलेला पायजमा घालून शेवटच्या रांगेत बसले. मोक्याचा पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. सोनलही आली होती. कुलदीपला सुट्टी असूनही दुपारच्या शिफ्टला जायचं होतं, तो कोपऱ्यात मोबाइल घेऊन उभा राहिला.

जयदीपनं चित्रकलेचं पहिलं बक्षीस दिलं आणि माइकवर म्हणाला, "शाब्बास!"

एवढा साधा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता. 'बस' सोडला तर सगळ्या जगात मोक्याला एकच मराठी शब्द खात्रीनं कळत होता, आणि तो आज लाउडस्पीकरवरून आला होता. त्यानं असा हिसका दिला की पट्टा सोपानरावांच्या हातातून निसटला. खुर्च्यांखालून, पायांमधून तो सुसाट गेला, स्टेजवर चढला, आणि जयदीपच्या पुढ्यात शेपूट हलवत, मान वर करून, अगदी पुस्तकातल्यासारखा बसला.

हॉलमध्ये हशा पिकला. "पास! पास!" मुलं ओरडली. जयदीपनं दोन पावलं मागं घेतली. बूट नवेच होते. प्रसंग सावरायला तो म्हणाला, "हो हो, शाब्बास, शाब्बास, आता जा."

दोनदा शाब्बास आणि पनीर एकदाही नाही! हा अन्याय मोक्याला सहन झाला नाही. टेबलावर पेढ्यांचा खोका होता. त्यानं उडी मारली, खोका दातात धरला आणि धूम ठोकली. मग जे व्हायचं ते झालं. मुलं मागं धावली, मुलांना धरायला आया धावल्या, लातूरकर काठी घेऊन धावले. माइकची वायर मोक्याच्या पट्ट्यात अडकून माइक आपटला आणि कानठळ्या बसवणारी किंचाळी उठली. त्या आवाजानं पिल्लू बिथरलं. खोका टाकून ते उघड्या फाटकाकडं पळालं. बाहेर आळंदीचा रस्ता होता आणि त्यावरून डंपर धडधडत जात होते.

"अप्पा, ओरडा!" पूनम किंचाळली. सगळे नियम तिनंच मोडीत काढले.

सोपानरावांनी छातीत हवा भरली. प्रेस शॉपची ती हाक अजून जशीच्या तशी होती, गळ्यापर्यंत आलीही. पण त्यांनी पाहिलं, फाटकात मोक्या थरथरत उभा होता. अजून एक मोठा आवाज, की तो रस्त्यावरच जाणार. सोपानरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग दुखऱ्या गुडघ्यांवर, भर रस्त्याकाठी, सगळ्या सोसायटीदेखत ते खाली बसले. सोनलनं शिकवलेला लाडिक आवाज काढायला गेले, तो सापडेना. सापडला तो दुसराच. घाटाच्या माथ्यावरचा.

"ये रं माज्या राजा," ते हळूच म्हणाले. "ये रं माज्या लेकरा. कुनी न्हाई बोलत तुला. ये."

नोकरी लागल्यापासून त्यांनी ही बोली तोंडात येऊ दिली नव्हती. मोक्यानं उभा कान वळवला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आणि सरपटत येऊन त्यानं सोपानरावांच्या मांडीत तोंड खुपसलं. खिशातल्या पनीरची आठवण दोघांनाही झाली नाही. सोनल डोळे पुसत होती. शालनबाई पुढं आल्या, त्यांनी 'कुत्र्यात न पडण्याचा' पण बाजूला ठेवून पिल्लू उचललं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हा आवाज चालेल मला."

उपसमितीत मोक्याला उत्तीर्ण करावं की नाही यावर दोन मतं पडली. एकानं पेढ्यांचा मुद्दा काढला. जयदीपनं शूजकडं पाहिलं, कोरडे होते. "एवढा ताण येऊनसुद्धा त्यानं इथं काही केलं नाही, हे लक्षात घ्या," तो म्हणाला आणि लिफ्टची परवानगी दिली. परवानगी सशर्त होती, पण अटी अजून ठरायच्या होत्या.

दुपारी कुलदीप शिफ्टला निघाला. दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. सोपानराव उगाचच खुर्ची सरकवत, उगाचच दाराच्या कडीला तेल लागेल का ते बघत तिथं घुटमळले. मग एकदम म्हणाले, "कुलदीप, तू टीम लीडर झालास ना, फार चांगलं केलंस. मला लई बरं वाटलं होतं त्या दिवशी."

कुलदीपनं नाडी अर्धी बांधून वर बघितलं. "अप्पा, छातीत वगैरे दुखतंय का?"

"काही नाही. जा, बस चुकेल."

तो गेला. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं लिफ्ट परत वर आली आणि दारात कुलदीप उभा. डबा, आय-कार्ड आणि मोबाइल, तिन्ही घरात राहिली होती. एका बुटाची नाडी अजून सुटलेलीच होती, आणि चेहऱ्यावर लपवूनही न लपणारं हसू होतं.

सोपानरावांनी तिन्ही वस्तू एकेक करून त्याच्या हातात दिल्या. ओठांवर आलेलं पुढचं वाक्य मात्र त्यांनी आत ठेवलं. पोराला कंपनीत मशिनीवर उभं राहायचं होतं. एका दिवसाला एवढं पुरे.